कोय कोण खातं?

एकदा एका बंदरावर, जिथून आंबा समुद्रापारच्या बेटावर जात असे, एक वृद्ध सरकारी तपासनीस होते. मालात कीड नाही अशी खात्री झाली की ते लाख वितळवून पेट्यांवर शिक्का उठवीत, आणि त्या शिक्क्यावर विसंबून पलीकडचे लोक पेटी न उघडता उतरवून घेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या हाताखाली एक मुलगी काम शिकत होती. सरकारने तिला एका हंगामापुरते घेतले होते. हंगाम संपताना गुरुजींनी 'योग्य' म्हटले तर ती राहणार, नाही तर घरी जाणार.

त्या बंदराचा एक रिवाज होता. ज्याचा माल, त्याने त्यातली एक पेटी कुंकू लावून धक्क्यावरच्या देवीपुढे ठेवायची. गुरुजी तेवढी एकच पेटी उघडत. तिच्यातली फळे निर्मळ निघाली की अख्ख्या गलबताला शिक्का मिळे. देवीपुढे वाईट फळ कोण ठेवील, असा त्यामागचा विश्वास.

मुलीला या रिवाजाचा पहिल्या दिवसापासून राग होता.

"गुरुजी, देवीपुढे वाईट फळ कुणी ठेवत नाही, म्हणूनच ती पेटी तपासण्यात अर्थ नाही."

"बघू," गुरुजी म्हणत.

हा 'बघू' तिने इतका ऐकला होता, की आता तो शब्द कानावर पडला तरी तिचे कपाळ तापे.

एके सकाळी बंदरातल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याचे गलबत भरून उभे राहिले. धक्क्याला लागूनच त्याची स्वतःची आंब्याची बाग होती. कोवळी कलमे, भोवती काटेरी कुंपण. बाहेरचे फळ हातात घेऊन कुणी आत पाऊल टाकले, तर त्याचा रखवालदार काठी उगारून धावे. पण यंदा मागणी मोठी होती. बागेतला आंबा पुरला नाही, म्हणून त्याने घाटावरून माल विकत आणून खालच्या थरांत भरला होता.

कुंकवाची पेटी देवीपुढे आली. गुरुजींनी फळे कापली. केशरी गर, स्वच्छ कोय. शेगडीवरची लाख वितळली होती, भरती चढत होती. गुरुजींनी शिक्क्याला हात घातला.

"थांबा!" मुलगी म्हणाली, आणि कोयता घेऊन गलबतात उतरली.

"अगं ए बाई, वर ये!" व्यापारी ओरडला. "देवीची पेटी बघून झाली ना?"

"देवीची झाली. आता खाणाऱ्यांची बघते."

तिने अगदी तळाची पेटी ओढून काढली, फळीवर एक आंबा ठेवला आणि कोयता नुसत्या गरातून नव्हे, कोयीतून आरपार चालवला. सालीवर डाग नव्हता, गरात खोट नव्हती. पण दुभंगलेल्या कोयीतून एक काळा भुंगा बाहेर आला आणि फळीवरून चालू लागला. तिने तो चिरडला. पुढची कोय स्वच्छ निघाली. त्यापुढच्या कोयीत पुन्हा भुंगा.

व्यापारी खो खो हसला. "एवढंच होय? अगं, किडा कोयीत आहे. गर बघ, सोनं आहे सोनं! कोय कोण खातं?"

हमालही हसले. व्यापाऱ्याला जोर चढला. "गुरुजी, भरती काय हिची वाट बघत थांबणार आहे? मारा शिक्का. आणि हिला चूल दाखवा."

मुलगी पेट्यांच्या थप्पीवर चढून बसली. "शिक्का मारायचाच असेल तर माझ्या कपाळावर मारा. मी इथून उठायची नाही. मग खुशाल घरी पाठवा."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिले. मग गलबतात उतरून त्यांनी त्याच तळाच्या पेटीतला एक आंबा उचलला, दोन्ही तळव्यांत घोळवून मऊ केला आणि शांतपणे चोखून खाल्ला. दाढीवर रस ओघळला.

"गोड आहे," ते म्हणाले.

"बघ!" व्यापारी म्हणाला. "जाणत्या माणसाला कळतं!"

मुलीच्या डोळ्यांत संतापाने पाणी आले. शेवटी गुरुजीही व्यापाऱ्यांचेच, असे तिला वाटले.

गुरुजी मात्र हातातली कोय घेऊन वर आले आणि धक्क्यावरून चालू लागले. ते थेट व्यापाऱ्याच्या बागेपाशी गेले, कुंपणाचे झापे सारून आत शिरले आणि एका कलमाच्या बुंध्याशी काठीने माती उकरू लागले.

व्यापारी धोतर सावरत धावला. "अहो, अहो गुरुजी! हे काय आरंभलंत? तिथं नको! माझी बाग नासेल!"

"का बरं?" गुरुजींनी विचारले. "कोय कोण खातं?"

या वेळी हमाल हसले नाहीत.

"शेठ," गुरुजी म्हणाले, "माणूस गर खातो आणि विसरतो. कोय तो परसात टाकतो, आणि तिच्यातला भुंगा शेजारचं झाड शोधतो. बेटावर हा किडा अजून पोचलेला नाही. तुमच्या बागेला काट्यांचं कुंपण आहे. त्यांच्या बागांना कुंपण एकच, हा शिक्का. जे तुम्ही स्वतःच्या दारातून आत येऊ देत नाही, ते त्यांच्या दारात माझ्या हातानं सोडायला सांगता?"

व्यापाऱ्याची मान खाली गेली. गुरुजींनी परत येऊन ती कोय लाखेच्या शेगडीत टाकली. माल उतरवायचा, गराची इथेच आंबापोळी घालायची आणि कोया जाळायच्या, असे ठरले.

गोष्ट इथे संपली असती, तर वडीलधाऱ्यांना फार आवडली असती. पण मुलगी थप्पीवरून उतरली नव्हती.

"गुरुजी, बोललात छान. पण मी ती पेटी ओढली नसती तर?"

"पोरी, गुरुजींना असं विचारतात का?" एक म्हातारा हमाल दटावू लागला.

"विचारायचं नाही, तर शिकायचं कसं?"

"तर शिक्का बसला असता," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी कुंकवाची पेटी स्वतः उचलून हमालांपुढे ठेवली. "ही देवीची. प्रसाद म्हणून खा. तपासायची पेटी आजपासून ही पोरगी निवडील. कुठली, ते मलाही आधी सांगणार नाही."

"आणि हंगाम संपल्यावर?" तिने विचारले.

'बघू' हा शब्द गुरुजींच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला.

"योग्य," ते म्हणाले.

पण हे ऐकायला ती होती कुठे? शेजारच्या गलबतावर चढून ती तळाची पेटी ओढू लागली होती.

आपल्या अवतीभवतीही शिक्के पुष्कळ आहेत. ते मारण्यापूर्वी कुठली पेटी उघडली होती, एवढे विचारायला वय लागत नाही.