कोरड्या भांड्याची नोंद

माणसाला पेरणी ठाऊक नव्हती, त्या काळी एका कोरडवाहू माळावर साळिंदरराव राहत. ज्वारीशेजारी कोण सुखानं नांदतं, करडई की हरभरा, हे त्यांचं संशोधन. शेजारच्या टिटवीबाईंना त्यांच्या प्रत्येक हालचालीची काळजी.

चार रात्री पाऊस झाला, तरी पेरणी होईना.

"अहो भाऊजी, ओल उडाली तर ज्वारी उगवायची नाही!"

"वहिनी, पाऊस मोजायच्या भांड्यात थेंब नाही. म्हणजे पाऊस पडलेलाच नाही."

"मग तुमचे काटे कशानं भिजले?"

"त्याची नोंद नाही."

"आम्हाला टोपलीतच कोंब फुटतायत हो," ज्वारीचे दाणे रडकुंडीला आले.

टिटवीबाईंना राहवेना. सकाळी त्या कुंपणाआडून डोकावल्या. साळिंदररावांनी भांड्यातल्या पाण्यानं चूळ भरली, तोंड धुतलं आणि उरलेलं पिऊन टाकलं. मग भांड्यात वाकून बघितलं आणि लिहिलं, 'शून्य'.

"भाऊजी, पाऊस तुमच्या पोटात गेलाय!"

साळिंदररावांनी पोट हलवून पाहिलं. आत खळखळ वाजलं. ते गंभीर झाले आणि पट्टी घेऊन पोट मोजायला बसले.

त्यांचं मोजून होईतो टिटवीबाईंनी चोचीनं अख्खा माळ पेरून टाकला.