कुंडल्यातली कालची कडी

एक होतं कुंडलं. राजाबिजा कुणी नाही हं, नुसतं मातीचं, रुंद तोंडाचं, चुलीवर काळं झालेलं कुंडलं. ते होतं चंद्रावळीचं. ती माहेराहून सासरी निघाली, तेव्हा आईनं दिलेलं, तळाशी घोटभर कडीसकट. आई म्हणाली, "बाय, ह्याचा तळ कधी खरवडू नकोस. घोटभर उद्याला ठेव."

कडी कसली? ताकाची नव्हे रे! बांगड्याची. नारळ वाटलेली, आमसुलं नि तिरफळं घातलेली. दुपारी मासे संपायचे, कडी उरायची. सकाळी ती निखाऱ्यावर आटून दाट व्हायची, नि पेजेबरोबर अशी लागायची की बोटं चाटत बसावं! मग उरल्या घोटात नवं वाटप पडायचं. सोमवारी घरात मासळी नाही, तरी कुंडल्याला ऊब द्यायचीच, बरं का.

मग एका वर्षी आई वारली. चंद्रावळ रडून रडून अर्धी झाली, अन्नाला शिवेना. तर एका सकाळी कडी रटरटू लागली, आणि कुंडल्यातून हलकेच आवाज आला, "चंद्रावळी, दोन घास खा गो."

आईचाच आवाज! त्या कडीत आईच्या हातचा पहिला घोट होता ना.

मग काय, चंद्रावळ कुंडल्याला जिवापाड जपू लागली. जाऊबाईनं पळीभर मागितली. "संपली." होडीवाल्यानं मागितली. "संपली." मग कुंपणापाशी आली शेजारची ख्रिस्ती पिएदाद. सातवा महिना, डोहाळे लागलेले. आता पोटुशीला नाही कसं म्हणायचं? चंद्रावळीनं करवंटीत कडी दिली, पण वरून, हात लागू न देता. त्या काळी हिंदू किरिस्तांवांना शिवत नसत, त्यांच्या घरचं शिजलेलं खात नसत. होती माणसं तशी वेडी.

मग आली चवथ. गणपती यायचा म्हणजे घरात मासळीचा वासही नको. दर वर्षी चंद्रावळ कुंडलं परसातल्या खोपीत नेऊन ठेवायची, तिथं ऊब द्यायची. त्या वर्षी ती देवावरची फळांची माटोळी बांधण्यात गुंतली. आणि तिच्या नवऱ्यानं, बिचाऱ्या रामनाथानं, बायकोला तेवढीच मदत म्हणून कुंडलं घेतलं, नि राखेनं, नारळाच्या सोडणानं असं घासलं, असं घासलं, की लख्ख!

चंद्रावळ ओरडली नाही हो. लख्ख कुंडलं मांडीवर घेऊन बसली. "माझी आई धुऊन टाकलीत," एवढंच म्हणाली.

गणपती गेले. तिनं पहिल्या दिवशी कडी केली. छान झाली, पण कुंडलं गप्प. दुसऱ्या दिवशी केली. गप्प. तिसऱ्या दिवशी आईसारखी नीट मोजून पाच तिरफळं घातली. तरी गप्प. चंद्रावळीचं जेवण पुन्हा सुटलं.

मग चौथ्या दिवशी दारात पिएदाद. कडेवर बाळ, हातात तीच करवंटी. उंबऱ्याबाहेरच उभी.

"रागावू नकोस गो," ती म्हणाली. "तू दिलेल्यातली घोटभर मी माझ्या कुंडल्यात ठेवली होती. तेव्हापासून ते रोज सकाळी बोलतं. चवथीपासून तर एकच म्हणतं, 'चंद्रावळीला थोडी नेऊन दे, ती जेवली नसेल.' आमच्या हातचं तुमच्यात चालत नाही, म्हणून आले नाही. पण आज ते रडायलाच लागलं."

चंद्रावळीनं तिचा हात धरला, आणि तिला थेट चुलीपाशी नेऊन बसवलं. करवंटीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं. माडाच्या शिरक्याचा आंबटपणा होता, आमसुलाचा नव्हे. पण त्याच्या खाली, अगदी तळाशी, आई होती. चंद्रावळ रडली, आणि इतक्या दिवसांनी तिला भूक लागली.

मग कडी कुंडल्यात गेली, रटरटली, आणि आवाज आला, जरासा आंबट झालेला, "दोघी मिळून दोन घास खा गो."

त्यानंतर चंद्रावळ कुणाला "संपली" म्हणाली नाही. जाऊबाई घोटभर घेऊन गेली, होडीवाला पैलतीरी घेऊन गेला. रामनाथानं मात्र पुन्हा भांड्यांना हात लावला नाही. सगळी पोटभर जेवली नि सुखात राहिली.

चला, आता डोकी उशीवर. सकाळी पेज आहे, आणि तळाशी घोटभर ठेवलीय मी. त्यातली थोडी शेजारी कुणी न्यायची, ते झोपेत ठरवा.