हुंकार देणारा राघू

फार जुनी गोष्ट. तळ्यांच्या एका राज्यात एक गुरुजी पाठशाळा चालवत. आवाज असा गोड की वाटसरू दाराशी थबकत. गुरुजींची स्वारीही आपल्या आवाजावर इतकी खूश, की पाठ सांगताना डोळे मिटून घेई.

पाठशाळेची एक रीत होती. गुरुजींचे वाक्य संपले की मुलांनी 'हूं' म्हणायचे. हुंकार आला म्हणजे पाठ समजला, अशी गुरुजींची खात्री. पुढे विचारल्यावर मुले गप्प राहिली की गुरुजी म्हणायचे, "पालथ्या घड्यावर पाणी! माझा काय दोष?"

एके दिवशी निरोप आला. गुरुजींचे म्हातारे गुरू त्याच दिवशी येणार होते. आपल्या मोठ्या विद्यापीठाची गादी कोणत्या शिष्याला द्यावी, हे त्यांना ठरवायचे होते. गुरुजी त्या गादीसाठी बारा वर्षे झुरत होते. त्यांनी मुलांना बसवले, घसा साफ केला, डोळे मिटले आणि सहा दिवस चाललेला पाठ पुढे सुरू केला: तळ्याचा बांध कसा घालावा.

वाक्यामागून वाक्य गेले. हुंकारही येत राहिला. तासाभराने गुरुजींनी डोळे उघडले. चटया रिकाम्या होत्या. मागच्या चटईवर फक्त म्हातारे गुरू बसले होते, आणि खिडकीत एक राघू.

"हूं," राघू म्हणाला.

धरणी पोटात घेईल तर बरे, असे गुरुजींना झाले.

"राघू छान पढवलाय मुलांनी," गुरू शांतपणे म्हणाले. "या चटईवर कोण बसतं रे?"

गुरुजींना आठवेना. ते मान खाली घालून मुलांना शोधायला निघाले.

मुले ओढ्याकाठी सापडली. चिखलात कोपरापर्यंत बरबटून ती बांध घालत होती. बांध फुटे, मुले भांडत, पुन्हा घालत. गुरुजी झाडाआड थिजून उभे राहिले. बांधाच्या पाठातून पळालेली पोरे बांधच घालत होती!

एवढ्यात सगुणा नावाच्या मुलीने त्यांना पाहिले. ती घाबरली आणि घाईघाईने तिने तो बांध पायाने मोडून टाकला. मुलांनी हात पाठीमागे लपवले.

मार बसावा तसे गुरुजींना झाले. आपल्याला पाहून मुलांनी शिकणे लपवावे! लाजेने त्यांचा चेहरा काळवंडला. धोतर सावरायचेही न सुचता ते चिखलात बसले.

"बांध मघाशी कुठून फुटत होता गं?"



"तळातून," सगुणा हळूच म्हणाली.

"का?"

"तळ अरुंद होता, गुरुजी. उंची वाढवायची तर खाली पसरट पाहिजे."

सहा दिवस गुरुजी हेच तर सांगत होते. "मला दाखवशील?" त्यांनी विचारले. मग हळूहळू सगळी मुले भोवती जमली, आणि दिवेलागण होईपर्यंत बांध उभा राहिला.

गुरूंनी गादी दुसऱ्या शिष्याला दिली.  दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पाठ मुलांच्या प्रश्नाने सुरू होऊ लागला. मात्र त्याआधीच्या बारा वर्षांत किती मुले मागच्या चटईवरून निघून गेली, हे आठवले की म्हातारपणीही त्यांची मान खाली जाई.

तात्पर्य : मुलांचे लक्ष हवे असेल, तर शिकवणाऱ्याने आधी आपले लक्ष मुलांकडे द्यावे.