बिनचुलीचा डोंगर

कोळमाथ्याच्या डोंगरावर, अगदी वर, जांभळी-अंजनीच्या दाट रानात लोखंडाच्या जुन्या खाणी आहेत. शेजारी लोखंड गाळून उरलेल्या काळ्या मळीचे ढीग, आणि मधोमध भट्टीचा फुटका कठडा. मध्यंतरी पुरातत्त्व खात्याची माणसे वर आली होती. ही जागा वारसा म्हणून जपण्याजोगी आहे का, ते त्यांना ठरवायचे होते. त्यांच्यातल्या बाईंनी वाट दाखवायला आलेल्या धाकूबाबा ढेब्यांना विचारले, "बाबा, भट्टी म्हणजे कोळसा, आणि कोळसा म्हणजे झाडतोड. मग इथंच एवढं रान कसं?"

"हे रान गोजराबाईचं," धाकूबाबा म्हणाले आणि मळीच्या ढिगाशी टेकून सांगू लागले.

गोजरा म्हणे धावडांची लेक. धावड म्हणजे डोंगरातला दगड खणून लोखंड गाळणारे लोक. तिचा नवरा हैबती खाणीत उतरायचा, ती भट्टीचा भाता ओढायची आणि तिचा भाऊ लिंबाजी झाडे तोडून, जाळून भट्टीसाठी कोळसा पाडायचा. कोळसा पाडता पाडता डोंगर उघडाबोडका झाला. झरे आटले. माती धरून ठेवायला एक मूळ उरले नाही. एका पावसाळ्यात खाणीची कड हैबतीसकट खाली बसली. साऱ्या वस्तीने खणून पाहिले, पण माती पुन्हा पुन्हा सरकत राहिली. हैबती काही हाती लागला नाही.

मग वस्तीने दुसरा डोंगर धरायचे ठरवले.

"गोजे, चल," लिंबाजी म्हणाला. "इथं आता काय राहिलंय?"

"तुझे दाजी राहिलेत की," ती म्हणाली.

सगळे गेले. गोजराने खाणीच्या तोंडाशी बसून आण घेतली, की ज्या विस्तवाने डोंगर खाल्ला तो विस्तव, डोंगर पुन्हा झाकला जाईपर्यंत, आपण पेटवायचा नाही. भट्टीत नाही, चुलीतही नाही.

ती रानातली बी गोळा करून आणी आणि उघड्या उतारावर पेरी. कंद खाई, करवंदे खाई. खालच्या वाड्यावरची ठकी म्हशी घेऊन वर आली की आपल्या भाकरीतली अर्धी तिला देई. ही ठकी धाकूबाबांच्याच घराण्यातली, असे सांगतात. पावसाळ्यात ठकीही येत नसे. धुके उठायचे नाव घेत नसे, अंगावरचे लुगडे वाळत नसे. मग गोजरा खाणीच्या तोंडाशी बसे आणि आतल्या मातीला सांगे, "आज अंजनीला पालवी आली. आज एक पाखरू येऊन बसलं." आतून कधी काही उत्तर आले नाही. ती मात्र थोडी थांबे, आणि मगच उठे.

तिचे केस पिकले तोवर डोंगर झाकला गेला. तिकडच्या डोंगरावरचे लाकूड आता संपत आले होते. लिंबाजीच्या कानी बातमी गेली आणि कुऱ्हाडी घेऊन वस्ती परत आली.

गोजरा उठली आणि भट्टीत जाऊन बसली. "पेटवायची तर अशीच पेटव, लिंबा."

लिंबाजीने बहिणीकडे पाहिले. थंडीने उललेले हात, गारठून वाकडी झालेली बोटे. त्याची कुऱ्हाड हातातच राहिली. त्याच वेळी, म्हणे, खाणीच्या पोटात खळखळ झाली आणि ढासळलेल्या मातीतून पाणी फुटले. गोजरा धडपडत गेली. तिने पाण्यात हात धरला आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

"बोलले," ती एवढेच म्हणाली.

लिंबाजीने आपल्या हाताने भट्टीचा कठडा फोडला. मग तो तिच्याजवळ आला. "तुझी आण फिटली, गोजे. आता तरी चूल पेटव."

"एकटीला कशाला रे चूल?"

तो चल म्हणाला, ती आली नाही. वस्ती उतरून गेली. पाऊस सरल्यावर ठकी वर चढली, तेव्हा गोजरा पाण्याकाठी बसल्या जागी निवली होती. ठकीने भाकरी मोडली, अर्धी तिच्यापुढे ठेवली आणि उरलेली तिथेच बसून खाल्ली.

आजही कोळमाथ्यावर कोणी विस्तव पेटवत नाही. भाकरी खालूनच भाजून न्यायची. आणि एकटे गेलेले माणूस अर्धी भाकरी खाणीच्या तोंडाशी ठेवते, थोडे थांबते, आणि मगच आपला घास घेते.