आईच्या हाडातलं गाव

लई वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा घाटातली माकडंसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायची. पटत नाही? मग माकडांचं सोडा. पण पुढचं खरं आहे.

घाटाखाली एक गाव होतं. तिथल्या बायका मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन घाट चढायच्या. ज्यांचा जन्म ओझ्याखाली गेला, त्यांना नुसतं बसून राहणं म्हणजे स्वर्गच वाटणार ना! म्हणून गावात एक रीत पडली. मुलगा कमावता झाला की आईच्या डोक्यावरची, पाटीखाली ठेवायची कापडाची चुंबळ काढून घ्यायचा आणि खुंटीला टांगायचा. मग आईनं पाटी उचलायची नाही.

त्या गावात एक विधवा बाई राहायची. मुलगी घाटावर दिलेली, मुलगा घरात. मुलगा कमावता झाला, त्यानं चुंबळ टांगली. पण हा पठ्ठ्या भलताच मायाळू. सगळ्या गावासमोर म्हणाला, "आजपासून माझ्या आईचा पाय जमिनीला लागणार नाही!"

लोकांनी वाहवा केली. दुसऱ्याच्या घरची वाहवा करायला काय जातंय!

आई म्हणाली, "अरे येड्या, मी काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे? पाणी तरी उठून घेऊ दे."

"गप बस आई. तू लई चाललीस."

झालं. आई बाजेवर. ऊन आलं की बाज सावलीत, थंडी वाजली की उन्हात. परसाकडला जायचं तरी दोन माणसं उचलून नेणार. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "काय राणीसरकार, आज स्वारी कुठं?" आई आधी हसायची. पुढं पुढं हसेनाशी झाली.

आता तुम्हाला एक गंमत सांगतो. प्रत्येकाच्या हाडात एक गाव असतं. तिथं बारीक बारीक कोनाड्यांत ऐकणारे बसलेले असतात, एकमेकांचे हात धरून. भोवती थेंबभर पाणी. माणसानं पाऊल टाकलं की हाड जरासं वाकतं आणि पाणी हलतं. मग ऐकणारे ओरडतात, "भार आला! गवंडी बोलवा, इथं थर द्या!" आणि पाणी हललंच नाही, तर म्हणतात, "पाडणाऱ्यांना बोलवा. भार नाही, तर भिंत कशाला?"

आईच्या मांडीच्या हाडात एक म्हातारा ऐकणारा होता. त्यानं तिच्या घाटातल्या सगळ्या खेपा ऐकल्या होत्या. पाडणारे कुदळी घेऊन आले, तेव्हा तो म्हणाला, "थांबा की रे. येईल ती. चालेल."

"आजोबा, सहा महिने झाले. पाणी हललं का? खरं सांगा."

म्हाताऱ्यानं कान लावला. खोटं बोलायची त्या गावात सोय नव्हती.

"नाही हललं," तो म्हणाला. आणि भिंती पडायला लागल्या.

एकदा भर दुपारी आई गुपचूप खाली उतरली. भिंतीला धरून चार पावलं चालली. तेवढ्यात मुलगा आला आणि चक्क रडायला लागला. "लोक काय म्हणतील? माझ्याकडं काय कमी पडलं, आई?" त्याचे डोळे बघून ती पुन्हा बाजेवर जाऊन बसली.

अशी दोन वर्षं गेली. मग घाटावरून निरोप आला. लेक बाळंत झाली, मुलगी झाली.

आईचा चेहरा उजळला. "मी जाणार. माझ्या पायांनी जाणार. बाळंतपणाला चालत येईन, असा लग्नात लेकीला शब्द दिलाय मी."

मुलगा म्हणाला, "बरं, अंगणापर्यंत चाल. पुढं डोली आहे."

ती उठली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

"कशाला अडखळलीस? उंबरा लागला का?" मुलगा उंबऱ्यावर लाथा मारत होता.

वैद्यानं पाय चाचपला. "उंबऱ्याला मारू नकोस. ती पडली म्हणून हाड मोडलं नाही. मोडलं म्हणून पडली."

"मग सांधा ना!"

"मी फळी बांधतो रे. सांधणारे आत असतात. त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नाही."

दहाव्या दिवशी लेकच बाळ घेऊन घाट उतरली. बाळाला आजीच्या कुशीत ठेवलं. बाळ लाथा झाडायला लागलं. मुलगा घाबरला, दुपट्यात त्याचे पाय गुंडाळायला गेला.

"हात लावू नकोस!" आई ओरडली. दोन वर्षांत पहिल्यांदा ओरडली. मग बाळाला म्हणाली, "मार गं बाई. अजून मार."

चार दिवसांनी आई गेली.

मुलानं तिला खांदा दिला. मधेच थांबून मागच्याला म्हणाला, "तुम्ही सगळा भार घेताय का? मला काहीच वजन लागत नाहीये."

"नाही रे पोरा. ती एवढीच राहिली होती."

तो पुन्हा चालायला लागला. प्रत्येक पावलाला त्याच्या हाडातलं पाणी हलत होतं, आणि आतले ऐकणारे आनंदानं ओरडत होते, "भार आला! थर द्या, थर द्या!"

बोध: ज्याच्यावर माया आहे त्याचं ओझं हलकं करा, पण सगळं काढून घेऊ नका; ज्याला काहीच पेलायचं नसतं, ते आतून ढासळत जातं.