कंद कुणी करपवले?

कोणे एके काळी, साल विचारू नका, साल मोजायला तेव्हा कुणी बसलं नव्हतं, एका उंच सुळकेदार डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात चूलच नव्हती! जमीनच इतकी ऊन, की सकाळी पानात गुंडाळलेले कंद अंगणातल्या खड्ड्यात पुरायचे, वर दगड ठेवायचा आणि दुपारी मऊ शिजलेले काढायचे. ही फुकटची ऊब येते कुठून, हे कुणी कधी विचारलं नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो. जमिनीच्या खूप खाली दगड वितळतो, त्याचा रस होतो. तो साठत जातो आणि वाट मिळेल तिथून वर येतो; त्याच्या आधी त्याची ऊब आणि विषारी वायू वर येतात. नदीपलीकडच्या बसक्या डोंगराचा रस पातळ होता. अधूनमधून ओघळायचा, पसरायचा, थंड व्हायचा. म्हणून तो डोंगर रुंद आणि बुटका. गावाच्या डोंगराचा रस मात्र घट्ट, चिकट. पूर्वी कधीतरी राख आणि दगड ओकून, थरावर थर चढवून तो एवढा उंच झाला होता, आणि मग त्याच रसानं त्याचा गळा बुजला होता. लोक ओघळणाऱ्या डोंगराला घाबरत आणि गप्प बसलेल्याच्या पायाशी घरं बांधत. आता बोला!

या गावात भिवरा नावाची बाई होती. हात सुगरणीचा, पण मन भारी संशयी. एके दुपारी तिनं दगड बाजूला केला, तर कंद करपून काळेठिक्कर.

"हे कुणाचं तरी काम आहे," ती पुटपुटली. कुंपणापलीकडे शेजारीण येसू, तान्ह्या लेकराची आई, घाईघाईनं आपल्या खड्ड्यावर दगड ढकलत होती.

"काय गं येसू, काय लपवतेस?"

"कुठं काय, अक्का?" म्हणत येसू घरात शिरली.

झालं! भिवराच्या मनात पाल चुकचुकली. पुढं विहिरीच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला. खालच्या घळीत चरायला गेलेल्या शेळ्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. दर वेळी भिवरा म्हणे, "येसूला विचारा की!" हळूहळू सगळं गाव कुजबुजू लागलं. दारं लवकर लागू लागली. जो तो कुंपणाच्या फटीतून दुसऱ्याच्या अंगणात बघू लागला. शेवटी पंच बसले आणि त्यांनी येसूला लेकरासकट नदीपलीकडे, त्या ओघळणाऱ्या डोंगराकडे हाकलून दिलं.

"अक्का, मी काही केलं नाही गं," जाताना ती एवढंच म्हणाली. भिवरानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी भिवरानं कंद पुरले आणि स्वतःच दगडावर ठाण मांडून बसली. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. दुपारी उघडलं, तर आत नुसता कोळसा!

येसूच जाताना काहीतरी करून गेली असेल, भिवराचं मन म्हणालं. संशय असा सहजासहजी सुटतो होय? पण तिनं खड्ड्यापासून लांब, अंगणाच्या टोकाला तळवा टेकवून पाहिला. चटका बसला. मग कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिनं मान वर केली. डोंगराची एक कूस भाकरीसारखी फुगून आली होती.

तेवढ्यात नदीपलीकडून येसूची हाक आली. "अहो, निघा तिथून! डोंगर फुगलाय! इकडं या!"

"कुणी हलू नका," पंच म्हणाले. "घरं रिकामी करवून लुटायचा डाव आहे हिचा."

भिवरा पुढं झाली. "खड्ड्यावर मी स्वतः बसले होते. कुणी आलं नाही, तरी कंद जळले. येसूवर मी खोटा आळ घेतला."

"ही पण फितली!" लोक ओरडले. संशय घ्यायला तिनंच शिकवलेलं गाव आता तिच्यावर उलटलं. ती रडत, हात जोडत दारोदार फिरली. थोडी माणसं निघाली. बाकीची म्हणाली, आम्ही गेलो तर शेजारी घर धुऊन नेतील. ती माणसं आपापल्या उंबऱ्यावर राखण करत बसली.

निघालेली माणसं नदी ओलांडतात न ओलांडतात, तोच डोंगराचा बुजलेला गळा फुटला आणि फुगलेली कूसही फाटली. तापलेली राख आणि दगड लोटासारखे खाली आले. गाव कुठं होतं, ते सांगायला एक भिंतही उरली नाही.

येसूनं भिवराला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं. भिवराच्यानं ते पिववेना. "येसू, त्या दुपारी तू काय लपवत होतीस गं?"

"करपलेले कंद, अक्का. माझे तुझ्याही आधीपासून करपत होते. पण बोलले असते, तर तू म्हणाली असतीस, हिनंच काहीतरी केलंय."

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "आमचेही करपत होते." "आमचेही," एक बाई म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

एकानं जरी बोलून दाखवलं असतं, तर सगळं गाव आज नदीच्या या काठावर, सुखरूप असतं. भिवरानं राखेकडे पाहिलं आणि तिला हुंदका आवरेना.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: जिथं संशयानं माणसांची तोंडं बंद होतात, तिथं संकटाची चाहूल प्रत्येकाला लागते, पण गावाला कळत नाही.