देवीच्या कमरेचा मुकुट

पूर्वी वेत्रपूर नगरात धृतिसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मीठव्यापाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. वयात आल्यावर ते बैलांचा तांडा घेऊन गावोगाव मीठ विकीत फिरू लागले.

धृतिसेन राज्य करीत होता खरा, पण त्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता. तो तान्हा असताना नगरावर परचक्र आले, त्या धावपळीत वाडवडिलांचा मुकुट नाहीसा झाला. पुढे त्याने राज्य परत मिळवले, मुकुट मात्र मिळाला नाही. मुकुट नसलेला राजा म्हणजे छाप नसलेले नाणे. कोणी घेते, कोणी परत करते. शेजारचे राजे त्याला ‘बोडका राजा’ म्हणून हिणवीत, आणि ते ऐकून प्रजेच्याही माना खाली जात. शेवटी राजाने दवंडी पिटवली, की मुकुट आणील त्याला नदीघाटावरच्या जकातीचा निम्मा वाटा मिळेल, आणि ज्याच्याकडे मुकुट सापडेल त्याचे मस्तक उडवून त्याची वस्ती उठवली जाईल.

त्याच सुमारास बोधिसत्त्व नदीच्या वरच्या अंगाला नावाड्यांच्या वस्तीत उतरले. तिथे नदीदेवीची हातभर उंचीची मूर्ती होती. व्यापाऱ्याची नजर आधी धातूवर पडते आणि मग देवावर, हे काही खोटे नाही. मूर्तीच्या कमरेला शेवाळलेले एक कडे होते आणि त्यावर वेताच्या पानांची नक्षी होती. तीच नक्षी राज्याच्या प्रत्येक नाण्यावर असे. बोधिसत्त्वांनी मुकुट ओळखला. नावाड्यांनी उभ्या जन्मात राजा पाहिला नव्हता. त्यांच्यात डोके ओझ्यासाठी आणि दागिना कमरेला, अशी रीत. म्हणून मुकुटाचा कमरपट्टा झाला होता.

वस्तीतली सामा नावाची वयस्क नावाडीण त्या मूर्तीची पूजा करी. तीच म्हणाली, की पावसाळा तोंडावर आला आहे, वस्तीत मिठाचा खडा नाही; दोन पोती मीठ टाक आणि देवीचे कडे घेऊन जा, देवी काही रागवायची नाही.

दोन पोत्यांत जकातीचा निम्मा वाटा! असा सौदा सात जन्मांत एकदाच चालून येतो. बोधिसत्त्वांचा हात पोत्याच्या गाठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी विचारले, “माय, हे आले कुठून?”

सामाने सांगितले, की एका पुरात एका मोठ्या घरच्या बाईची नाव उलटली. सामा पोहत गेली. नावेची दोरी तिच्या एका हातात होती, दुसरा हात मोकळा. पाण्यात एक पेटी होती आणि एक तान्हे मूल. उलटलेल्या नावेला धरून त्या बाईची दासी ओरडत होती, आधी पेटी, आधी पेटी.

“मी मूल धरलं,” सामा म्हणाली. “पेटी काही रडत नव्हती.”

मूल तिने पैलतीरी उभ्या असलेल्या त्या बाईच्याच सैनिकांच्या हवाली केले. पाणी ओसरल्यावर फुटलेल्या पेटीतले हे कडे जाळ्यात आले. कोणी मागायला आले नाही, तेव्हा ते देवीला वाहिले.

बोधिसत्त्वांनी दोन पोती खाली उतरवली आणि ते म्हणाले, “मीठ ठेव. कड्याचा सौदा मला परवडायचा नाही.”

“व्यापारी असून सौद्याला नाही म्हणतोस? अंगात ताप आहे का रे?” म्हातारी हसली.

बोधिसत्त्व थेट दरबारात गेले. मुकुट कुठे आहे हे ठाऊक असल्याचे सांगून त्यांनी जकातीचा वाटा नाकारला आणि त्याच्या बदल्यात, मुकुट ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी अभय मागितले. राजाच्या कपाळाला आठी पडली. चोरांना अभय कसले, असे तो म्हणाला.

“महाराज, आमच्या धंद्यात एक व्यापारी होता. पुरात त्याचा बैल बुडू लागला. तांड्यातल्या गड्याने त्याच्या पाठीवरची पोती कापून टाकली आणि बैल वाचवला. काठावर येताच व्यापाऱ्याने त्या गड्यालाच काठीने झोडपले, माझे मीठ कुठे आहे म्हणून.”

राजाला हसू आले. असला मूर्ख आपल्या राज्यात तर नाही ना, असे त्याने विचारले.

“ते महाराजांनी ठरवायचे,” बोधिसत्त्व म्हणाले, आणि त्यांनी सामाची हकीकत सांगितली.

राजा सिंहासनावरून उठला. मग त्याने अभय दिले, आणि पालखी न मागवता तो पायीच नावाड्यांच्या वस्तीकडे निघाला.

सामा जाळे वाळत घालीत होती. राजाने तिच्या पायांवर डोके ठेवले, तशी ती गोंधळली. बोधिसत्त्वांनी तिला हा राजा असल्याचे आणि कडे त्याच्या घराण्याचे असल्याचे सांगितले. तिने आधी विचारले ते भलतेच.

“ते पोर जगलं का रे बाबा?”

“जगलं, माय,” राजा म्हणाला. “तुझ्यापुढेच उभं आहे.”

तिने ओल्या हाताने त्याचा चेहरा चाचपला. मग कमरपट्टा काढून, तो कुठे घालायचा हे बोधिसत्त्वांना विचारून, राजाच्या डोक्यावर ठेवला. देवीला तो तसाही सैलच होत होता, असेही सांगितले.

राजाने मुकुट क्षणभर मिरवला आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा देवीच्या कमरेला बांधला. तेव्हापासून वेत्रपुरात जो कोणी राजा होई, तो नदीकाठी येऊन नावाडिणीच्या हातून मुकुट घेई आणि तिथेच परत ठेवी. प्रजा तो सोहळा पाहायला लोटे. बोडका राजा म्हणून पुन्हा कोणी हिणवले नाही.

ही कथा भिक्षूंना सांगून त्यांच्या गुरूंनी, शास्त्यांनी, तिचा आजच्याशी मेळ घातला. त्या वेळचा राजा धृतिसेन तो आजचा भिक्षू आनंद. सामा नावाडीण म्हणजे, जिने दुसरीचे तान्हे मूल आपले मानून वाढवले, ती महाप्रजापती गोतमी. आणि मीठव्यापारी मी स्वतःच होतो, असे ते म्हणाले. ज्याने आपल्याला तारले त्याच्यापुढे मस्तक लववणे, हीच कृतज्ञता.